पेंग्विनपलीकडची राणीची बाग

शाळांना सुटी लागली, की पालेगावच्या गृहसंकुलांतून एक प्रश्न हमखास ऐकू येतो : मुलांना एक दिवस कोठे न्यावे? पेढी आठवड्यातून एकच दिवस बंद, घरात आजी-आजोबा, लहान नातवंडे आणि सूर्यास्तापूर्वी भोजनाचा नियम. अशा वेळी अंबरनाथहून थेट लोकलने गाठता येणारी भायखळ्याची राणीची बाग सोयीची वाटते. कुटुंब तेथे जाते, पेंग्विनच्या रांगेत उभे राहते, वाघ आणि हत्ती पाहते, डबे उघडते आणि परतीची गाडी धरते. सहल पार पडते. परंतु बागेचा बहुमोल भाग पाहायचा राहून जातो.

वीरमाता जिजाबाई भोसले वनस्पती उद्यान व प्राणिसंग्रहालय या पूर्ण नावातच त्याची खूण आहे. नावात वनस्पती आधी आहेत, प्राणी नंतर. बाग १८६२ मध्ये खुली झाली ती वनस्पती उद्यान म्हणून. प्राणी येथे पुढे आले. सेऊलहून आणलेले हम्बोल्ट जातीचे आठ पेंग्विन तर २०१६ मध्ये आले आणि २०१७ पासून लोकांना दिसू लागले. दीडशे वर्षांच्या खातेवहीतील ती अगदी अलीकडची नोंद आहे.

खरा अशोक कोणता?

नागरिकांनी केलेल्या नोंदींनुसार बागेत सुमारे तीन हजार झाडे आणि २८६ जाती आहेत. त्यांतील पाच झाडे जरी मुलांनी नावाने ओळखली, तरी सहल सार्थकी लागली असे समजावे.

पहिला मान सीता अशोकाला. गृहसंकुलांच्या कुंपणालगत सरळ उंच वाढणारे, लांब नागमोडी कडांच्या पानांचे जे झाड ‘अशोक’ म्हणून लावले जाते, तो खरा अशोक नव्हे, ते आसुपालव. खरा अशोक पसरट, दाट सावलीचा असतो. माघ-फाल्गुनाच्या सुमारास त्याच्या फांद्यांवर केशरी-लाल फुलांचे झुबके येतात. तीर्थंकरांच्या अष्टप्रातिहार्यांत पहिला उल्लेख अशोकवृक्षाचा. मंदिरातील चित्रांत आणि शिल्पांत ज्याचे दर्शन नित्य घडते, तो वृक्ष प्रत्यक्ष पाहिलेली मुले किती निघतील?

दुसरी गोरखचिंच. मूळची आफ्रिकेतील. तिचे खोड इतके फुगीर, की चार-पाच मुलांनी हात धरले तरी कवेत मावत नाही. या खोडात ती पाणी साठवते व कोरड्या ऋतूत त्यावर तगून राहते. तिसरा कैलासपती. त्याची फुले फांदीच्या टोकाला न येता थेट खोडावर येतात. फुलाच्या आतील रचना शिवलिंगावर फणा धरलेल्या नागासारखी दिसते, म्हणून हे नाव. फळ मात्र तोफेच्या गोळ्यासारखे, झाडाखाली उभे राहू नये असे. चौथा कृष्णवड. त्याचे पान देठाजवळ दुमडून द्रोणासारखे होते. बाळकृष्णाने त्यात लोणी लपविले, अशी लोककथा सांगतात. पाचवी उर्वशी. ही ब्रह्मदेशातील. तिच्या लाल-पिवळ्या फुलांचे लोलकासारखे घोस खाली लोंबतात, आणि तिची गणना जगातील अत्यंत सुंदर पुष्पवृक्षांत होते.

फुटलेला हत्ती, परागंदा पुतळे

झाडांनंतर दगडांकडे वळावे. बागेच्या आवारातच असलेल्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाबाहेर एक प्रचंड पाषाणहत्ती उभा आहे. तो मूळचा घारापुरी बेटावरचा. त्याला पाहूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला ‘एलिफंटा’ म्हटले. १८६४ मध्ये त्याला इंग्लंडला नेण्याचा घाट घातला गेला. उचलताना तो पडून फुटला. त्याचे तुकडे या बागेत आणले गेले आणि विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात जोडून हत्ती पुन्हा उभा केला गेला. बेटाला नाव देणारा हत्ती बेटावर नाही, याची माहिती घारापुरीला जाणाऱ्या अनेक प्रवाशांना नसते.

दक्षिण मुंबईतील ‘काळा घोडा’ या भागाला ज्यामुळे नाव मिळाले, तो एडवर्ड राजपुत्राचा अश्वारूढ पुतळाही १९६५ मध्ये येथेच आणून ठेवला गेला. शहरातील चौकांतून हलविलेले ब्रिटिश काळातील आणखी काही पुतळेही येथे आहेत. इतिहासाच्या पुस्तकातील एक प्रकरण मुलांना येथे दहा मिनिटांत समजावून सांगता येते. जवळच १८६५ चा डेव्हिड ससून मनोरा घड्याळासह उभा आहे.

एका मंदीची साक्ष

व्यापारी कुटुंबांनी चुकवू नये असे स्थळ म्हणजे हे संग्रहालय. त्याच्या उभारणीसाठी झटणाऱ्यांत डॉ. भाऊ दाजी लाड, जगन्नाथ शंकरशेठ आणि जॉर्ज बर्डवुड हे अग्रणी होते. लोकवर्गणी जमली, १८६२ मध्ये पायाभरणी झाली. तो काळ अमेरिकेतील यादवी युद्धाचा. तेथील कापूस इंग्लंडला मिळेना, म्हणून मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. नव्या कंपन्यांचे समभाग हातोहात खपू लागले. १८६५ मध्ये युद्ध थांबले, कापसाचा भाव कोसळला आणि सट्ट्यावर उभी राहिलेली कागदी श्रीमंती विरून गेली. त्या काळातील कापूस व समभाग बाजाराचे अध्वर्यू शेठ प्रेमचंद रायचंद यांनाही मोठा फटका बसला. अशा स्थितीत संग्रहालयाचे बांधकाम रखडले. सरकारने साहाय्य केल्यावर ते पूर्ण होऊन २ मे १८७२ रोजी खुले झाले.

आत गेल्यावर सोनेरी नक्षीचे खांब, जुन्या मुंबईचे नकाशे, आणि विविध जातिजमाती, पोशाख व व्यवसाय दाखविणाऱ्या मातीच्या लहान प्रतिकृती दिसतात. पगडी बांधलेल्या व्यापाऱ्याची मूर्ती पाहून आजोबांना आपल्या आजोबांची आठवण होणे स्वाभाविक आहे. मधल्या काळात इमारत जीर्ण झाली होती. काळजीपूर्वक केलेल्या जीर्णोद्धाराबद्दल २००५ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागाचा सर्वोच्च वारसा पुरस्कार तिला मिळाला.

मोतीशा शेठांचा शेजार

पिंजऱ्यातील प्राणी पाहताना अहिंसाधर्मीय घरांतील मुलांच्या मनात प्रश्न उठतो आणि तो उठावा. त्याला उत्तर देण्यासाठी बागेपासून पायी अंतरावर एक वास्तू आहे : शेठ मोतीशा यांनी बांधविलेले श्री आदीश्वर भगवंतांचे मंदिर. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईत सागरी व्यापार करणाऱ्या या शेठांचे नाव शत्रुंजयावरील मोतीशा टुंकेमुळे सर्वज्ञात आहे. सर जमशेदजी जीजीभाई यांच्यासह त्यांनी १८३४ मध्ये मुंबई पांजरापोळीच्या स्थापनेत पुढाकार घेतला, तो मोकाट कुत्र्यांच्या कत्तलीविरुद्ध शहरात उठलेल्या क्षोभानंतर. प्राणी पाहण्याची जागा आणि प्राणी सांभाळण्याचा विचार अशा दोन्ही गोष्टी एकाच दिवसात मुलांपुढे ठेवता येतात.

झाडे कोणी राखली?

ही बाग आपोआप टिकलेली नाही. २००७ च्या सुमारास प्राणिसंग्रहालयाच्या कोट्यवधी रुपयांच्या नूतनीकरणाचा आराखडा पुढे आला, तेव्हा अनेक जुन्या झाडांना धोका निर्माण झाला. त्या वेळी काही नागरिक, मुख्यतः स्त्रिया, पुढे आल्या. त्यांनी झाडांची जातवार नोंद केली, बागेचे ऐतिहासिक महत्त्व कागदोपत्री मांडले आणि संबंधित समित्यांपुढे ते चिकाटीने लावून धरले. वारसा समितीने मूळ आराखड्याला संमती दिली नाही. घोषणांपेक्षा येथे कामी आली ती बिनचूक यादी. हिशेब नीट ठेवणाऱ्याचे मुद्दल सुरक्षित राहते, ही गोष्ट व्यापारी घरांना वेगळी सांगावयास नको.

इमारतीला आणि यंत्राला दरवर्षी घसारा लागतो. झाडाचे मूल्य मात्र वर्षागणिक वाढते. म्हणूनच पालेगावसारख्या नव्या वसाहतीने या बागेकडून काही घेण्यासारखे आहे. संकुलाच्या आवारात कोणती झाडे आहेत, किती आहेत, त्यांची नावे काय, याची यादी बहुतेक सोसायट्यांकडे नसते. ज्याचे नाव ठाऊक नाही, ते तोडले गेले तरी कोणाला कळत नाही.

एक दिवसाचा बेत

बाग आणि संग्रहालय बुधवारी बंद असतात. भायखळ्याला जलद लोकलही थांबतात. अंबरनाथहून प्रवास सुमारे सव्वा तासाचा. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास निघालेली पहिली गाडी याच मार्गाने गेली होती. स्थानकाच्या जुन्या वास्तूच्या जतनाचाही युनेस्कोने २०२२ मध्ये गौरव केला आहे; ती उतरल्यावर दोन मिनिटे थांबून पाहावी. सकाळी मोतीशा मंदिरात दर्शन, मग ऊन चढण्यापूर्वी झाडे, दुपारी संग्रहालयाची सावली आणि शेवटी मुलांसाठी पेंग्विन. चारच्या सुमारास निघाल्यास गर्दीही टळते आणि उन्हाळ्याच्या सुटीत चोविहारही सांभाळला जातो. हिवाळ्यात तासभर आधी निघावे.

जाताना मुलांच्या हाती एक कोरी वही द्यावी. तिच्यात पाच झाडांची नावे आणि खाली पडलेले एकेक पान जमा व्हावे. घरी परतल्यावर तीच वही घेऊन संकुलाच्या आवारात एक फेरी मारावी आणि एखादी मोकळी जागा दिसली, तर येत्या पावसाळ्यात तेथे एक खरा अशोक लावावा. त्याची सावली नातवंडांच्या नातवंडांना मिळेल. अशी ठेव फार थोड्या ठिकाणी ठेवता येते.