एक इंची पाईपात एक इंच कुठेच नसतो

पाण्याच्या लाइनीसाठी आणलेल्या एक इंची जीआय पाईपाला व्हर्नियर लावला, तर बाहेरचा व्यास ३३.७ मिमीच्या आसपास भरतो. एक इंच म्हणजे २५.४ मिमी. मग लोक म्हणतात, एक इंच आतला असेल. तेही खरं नाही. बी क्लास पाईपाची जाडी ३.२ मिमी असते. दोन्ही बाजूंची जाडी वजा केली की आत २७.३ मिमी उरतात. ए क्लासमध्ये २८.५, सी क्लासमध्ये २५.७. सी क्लास इंचाच्या अगदी जवळ येतो, पण ती जाडीमुळे जुळून आलेली गोष्ट आहे.

आता जिन्याच्या रेलिंगकडे बघा. फॅब्रिकेटर स्टेनलेसचा 'दोन इंची पाईप' लावतो. तो बाहेरून बरोबर दोन इंच, म्हणजे ५०.८ मिमी असतो. पाण्याचा दोन इंची पाईप मात्र बाहेरून ६०.३ मिमी. दुकानात दोघांचं नाव एक, बिलावर माप एक, आणि फरक जवळजवळ एक सेंटिमीटरचा. रेलिंगचा फ्लँज किंवा टोपी एकावर बसेल, दुसऱ्यावर बसणारच नाही.

याचं कारण असं, की रेलिंगची नळी ही तांत्रिक भाषेत ट्यूब आहे. ट्यूबचं माप म्हणजे तिचा प्रत्यक्ष बाहेरचा व्यास. पाईपाचं माप म्हणजे नाममात्र आकडा, ज्याला बाजारात एनबी म्हणतात. पंचवीस एनबी हे त्या पाईपाचं नाव आहे. पट्टी लावून मोजायचं अंतर नाही. चौकोनी ट्यूबला (बाजारात तीही चौकोनी पाईपच) एनबी नसतोच. ५० बाय ५० बाय २ म्हटलं, की बाहेरच्या बाजू ५० मिमी आणि जाडी २ मिमी, विषय संपला.

पाईपाचं हे नाममात्र माप आलं कुठून? फिलाडेल्फियाच्या पास्कल आयर्न वर्क्समधल्या रॉबर्ट ब्रिग्ज यांनी १८६२ मध्ये पाईपांच्या आट्यांची मापं बांधून दिली, आणि १८८६ मध्ये अमेरिकेतल्या कारखानदारांनी ती एकत्रितपणे स्वीकारली. त्या काळचे लोखंडी पाईप जाड भिंतीचे असत, त्यामुळे आतला व्यास नावाच्या आकड्याच्या बराच जवळ होता. पुढे पोलाद सुधारलं, पातळ भिंतीनेही तोच दाब झेपू लागला. पण सॉकेट, एल्बो, व्हॉल्व्ह आणि आटे पाडायचे डाय हे सगळं बाहेरच्या व्यासावर बेतलेलं होतं. तो बदलणं परवडणारं नव्हतं. म्हणून बाहेरचा व्यास तसाच राहिला आणि भिंत आतून पातळ झाली. बारक्या मापांत तर नावाचा आणि वस्तूचा संबंधच राहिला नाही: एक सूत, म्हणजे ३.२ मिमी नावाच्या शेड्यूल ४० (म्हणजे जाडीच्या एका वर्गातल्या) पाईपाचा आतला व्यास ६.८ मिमी असतो, दुपटीहून जास्त. बारा इंची पाईप बाहेरून ३२३.९ मिमी, म्हणजे पावणेतेरा इंच. आणि चौदा इंचांपासून पुढे नियम बदलतो: तिथे नाव आणि बाहेरचा व्यास एकच, ३५५.६ मिमी म्हणजे खरोखरच चौदा इंच. ज्यांनी ही रीत ठरवली त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. जुन्या लाइनीला आजचा पाईप जोडता येतो, तो याच हट्टामुळे.

दुसरा पक्का बसलेला समज: पाण्याला पाईप, बांधकामाला ट्यूब. वापर पाहून ओळखायला गेलात तर फसाल. बॉयलरमधून पाणी आणि वाफ वाहते, तरी तिथल्या नळ्या ट्यूबच असतात, कारण तिथे बाहेरचा व्यास नेमका लागतो. साखर कारखान्याच्या इव्हॅपोरेटरमध्ये ट्यूबप्लेटला भोकं पाडलेली असतात, त्यात नळी सरकवून तोंडाशी फुगवून घट्ट बसवतात. हंगाम संपला की नळ्या बदलायचं काम निघतं. त्या वेळी मागणीपत्रावर 'दीड इंच' एवढंच लिहिलं, तर येणारी वस्तू ३८.१ मिमीची ट्यूब असेल किंवा ४८.३ मिमीचा पाईप. दुसरी आली तर ती भोकात शिरणारच नाही. याउलट परांची बांधायला वापरतात तो नळ 'चाळीस एनबी' म्हणजे दीड इंची पाईपाच्या मापाचा, बाहेरून ४८.३ मिमी. त्याचे क्लॅम्प याच ४८.३ वर बनतात. त्यात पाण्याचा थेंब जात नाही, तरी नाव पाईपाचं चालतं.

आणखी गोंधळ म्हणजे, आपण ज्याला जीआय पाईप म्हणतो त्याचं भारतीय मानक, आयएस १२३९, स्वतःच्या शीर्षकात 'ट्यूब' म्हणतं. तेव्हा शब्दावर भांडू नये. बाहेरचा व्यास विचारावा. शिवणरहित म्हणजे पाईप आणि वेल्ड केलेली म्हणजे ट्यूब, हेही तितकंच निराधार आहे. दोन्ही प्रकार दोन्ही पद्धतींनी बनतात.

खरी नुकसानी होते ती जाडीच्या भाषेत. इथे तीन वेगवेगळ्या बोली आहेत आणि त्या एकमेकींच्या उलट चालतात. पाईपाला शेड्यूल असतं: आकडा वाढला की भिंत जाड. ट्यूबला गेज असतो: आकडा वाढला की भिंत पातळ. १६ गेज म्हणजे एसडब्ल्यूजीने १.६३ मिमी, १८ गेज म्हणजे १.२२ मिमी. 'अठरा गेज देतो, सोळापेक्षा भारी' असं कुणी सांगितलं आणि ऐकणाऱ्याने मान डोलावली, तर रेलिंगला पहिल्या वर्षीच पोचे पडलेले दिसतील. शिवाय गेजच्याही दोन मोजण्या आहेत. हीट एक्स्चेंजरच्या ड्रॉइंगवर बहुधा बीडब्ल्यूजी असतो, त्यात १४ गेज २.११ मिमी, तर एसडब्ल्यूजीत २.०३. म्हणून गेज ऐकून घ्यावा, पण लिहावेत मिलिमीटरच.

शेड्यूल ४० म्हणजे ठरावीक जाडी, असंही पुष्कळजण धरून चालतात. अर्धा इंची शेड्यूल ४० ची भिंत २.७७ मिमी, चार इंचीची ६.०२, बारा इंचीची १०.३१. आणि शेड्यूल वाढवलं तरी बाहेरचा व्यास हलत नाही, वाढलेली जाडी आतली जागा खाते. एक इंची शेड्यूल ४० मध्ये आतला व्यास २६.६४ मिमी, शेड्यूल ८० मध्ये २४.३. वाहायची जागा सुमारे १७ टक्के घटते. पंपाचा हिशेब करताना हे विसरून चालत नाही.

तिसरी बोली आपल्या ए, बी, सी क्लासची. पाईपावरचा रंगाचा पट्टा तेच सांगतो: पिवळा हलका, निळा मध्यम, लाल जड. पट्टा रंगवता येतो, म्हणून वजन करावं. सूत्र सोपं आहे: बाहेरच्या व्यासातून जाडी वजा करा, उत्तराला जाडीने आणि मग ०.०२४६६ ने गुणा. मीटरला किलो मिळतात. एक इंची बी क्लासला ३०.५ गुणिले ३.२ गुणिले ०.०२४६६, म्हणजे २.४१ किलो. सहा मीटरचा नग साडेचौदा किलोच्या आसपास भरायला हवा. तो बारा किलोच भरला, तर पट्टा निळा असला तरी हाती आलेला माल ए क्लासचा आहे. रेलिंगच्या दोन इंची स्टेनलेस ट्यूबचंही तसंच: सहा मीटरला १६ गेज सुमारे १२ किलो, १८ गेज ९ किलो. काटा दुकानातच असतो.

एक सापळा अनुभवी माणसांनाही धरतो. आपली आणि अमेरिकी मापं बहुतेक ठिकाणी इतकी जवळ आहेत की फरक जाणवत नाही, पण सगळीकडे नाही. अडीच इंची आयएस पाईप ७६.१ मिमी, अमेरिकी पद्धतीचा ७३. सहा इंची आयएस १२३९ प्रमाणे १६५.१, अमेरिकी १६८.३. कारखान्याच्या लाइनीत एका बाजूला हा आणि दुसऱ्या बाजूला तो आला, तर वेल्डरला व्यासातला तीन मिमीचा फरक भरत बसावं लागतं.

शेतात पसरलेल्या पीव्हीसीला नाममात्र मापाचा हा नियम लावू नका. तिथे ६३, ७५, ९०, ११० हे आकडे बाहेरच्या व्यासाचे मिलिमीटरच आहेत. 'दोन इंची' म्हणतात तो ६३ चा. लोखंडी दोन इंचीच्या ६०.३ शी तो थेट जुळत नाही, मध्ये अडॅप्टर लागतोच.

कोटेशन मागताना 'दोन इंची पाईप' एवढ्यावर थांबू नका. बाहेरचा व्यास मिमीत, जाडी मिमीत, नगाची लांबी आणि मानकाचा क्रमांक, एवढं लिहून द्या, आणि बिलही त्याच शब्दांत घ्या.