बॅटरीवरील पाकसाधने : आधी हिशेब, मग खरेदी

इंदूरच्या पोलोग्राउंड औद्योगिक वसाहतीत सायंकाळी वीज खंडित झाली, तर थांबलेले यंत्र उद्या चालविता येते. पण ज्या बंधूंचा सूर्यास्तापूर्वी भोजनाचा व उकळलेल्या पाण्याचा नियम आहे, त्यांची ती वेळ परत येत नाही. यास्तव उचलून नेण्याजोगा बॅटरीसंच पेढीवर ठेवणे इष्ट होय. मात्र तो घेण्यापूर्वी हिशेब मांडावा, असे आम्ही नम्रपणे सुचवितो.

वॉट-तास ही संचातील शिल्लक. वॉट ही एका वेळी उचलता येणारी रक्कम. एक लिटर पाणी उकळण्यास सुमारे १०० वॉट-तास लागतात. म्हणजे ५०० वॉट-तासांच्या संचातून, घट वजा जाता, जेमतेम चार लिटर पाणी उकळेल. तथापि संचाची क्षमता ५०० वॉटच असेल, तर १५०० वॉटची किटली त्यास पेलणार नाही. तेथे ३०० वॉटची लहान किटलीच योग्य. तीस लिटरमागे वीस-पंचवीस मिनिटे लागतात.

तेव्हा दिवस मावळण्यास अर्धा तास उरला असता वीज गेली, तर हाती एकच लिटर पाणी येईल, चार नव्हे. खरेदी करताना शिलकेबरोबर हा वेळही हिशेबात धरावा, एवढीच आमची विनंती.