ओट्यावरचा माठ आणि त्यातली गांडुळे

आपल्या गावशिवारात गांडूळ खतासाठी बांधलेल्या सिमेंटच्या टाक्या तुम्ही पाहिल्या असतीलच. कुठे त्यात कडबा भरलेला असतो, कुठे कोंबड्या बसलेल्या. विचारलं की उत्तर ठरलेलं, "साहेब, उन्हाळ्यात गांडुळं मेली." हिंगोलीत मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. टाकी शेतात आणि माणूस घरात, मग त्यांच्यावर पाणी शिंपडणार कोण? म्हणून माझं सांगणं असं, की गांडुळं आधी घरी पाळा.

खर्च फारसा नाही. पाझरणारा जुना माठ घ्या, बुडाला भोक पाडा आणि खाली थाळी ठेवा. पाझरतो म्हणूनच माठ आतून गार राहतो. प्लास्टिकच्या टोपल्याला ते जमत नाही. तळाला विटांचे तुकडे, त्यावर तुराटीचा चुरा, मग सोयाबीनचं ओलं कुटार आणि शिळं शेण. ताज्या शेणाला उष्णता सुटते, गांडुळं त्यात भाजून निघतात. शेण निदान पंधरा दिवसांचं असावं. वरून ओलं बारदान टाका. मूठ आवळली तर एखाद-दुसरा थेंब गळावा, एवढीच ओल.

गांडूळ मात्र वावरातलं उकरून आणू नका. ते मातीत खोल राहणारं, माठात टिकत नाही. कुजलेल्या कचऱ्यावर जगणारी तांबडी 'आयसेनिया फेटिडा' जात लागते. शंभर-दीडशे नग सुरुवातीला पुष्कळ झाले. तोंडापूरच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा परभणीच्या कृषी विद्यापीठात चौकशी करा.

भाजीची देठं, केळीची साल, चहाचा चोथा, देवाचं निर्माल्य, सगळं चालतं. मीठ-तेलाचं उरलेलं कालवण आणि मटणाची हाडं नकोत. आंबूस वास आला तर समजा, खाणं किंवा पाणी जास्त झालं. दोन-चार दिवस काही टाकू नका, कोरडं कुटार मिसळा. मुंग्या येत असतील तर माठ विटेवर ठेवून विटेभोवती पाण्याची परात ठेवा.

आता यातली खरी मजा. पहिल्या आठवड्यात घरातल्या बायका नाक मुरडतात, पुढे त्याच बारदान उचलून बघतात. आत लिंबाच्या आकाराचे पिवळसर कोष दिसतात, ज्वारीच्या दाण्याएवढे. एकेका कोषातून दोन-तीन पिल्लं निघतात, पांढऱ्या दोऱ्यासारखी. पोरांना यापेक्षा चांगलं खेळणं नाही. चार्लस डार्विन एवढा मोठा शास्त्रज्ञ, त्यानेही घरात कुंड्यांत गांडुळं पाळली होती. त्यांना पिपाणी, पियानो ऐकवून बघितला. ती बहिरीच निघाली! पण कुंडी पियानोवरच ठेवून सूर वाजवला, तर हादरा लागून बिळात पळाली. १८८१ साली त्याने गांडुळांवर अख्खं पुस्तक काढलं.

दोन-अडीच महिन्यांत माठात चहापत्तीसारखं काळं, रवाळ खत तयार होतं. वास पहिल्या पावसाच्या मातीचा. आधी चार दिवस पाणी तोडा, मग खताचा ढीग पोत्यावर उजेडात करा. गांडुळांना उजेड सोसत नाही, ती ढिगाच्या बुडाशी जातात. वरचं खत हाताने काढून घ्या.

एका माठावर एकरभर हळद पिकेल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. परसातली वांगी, कढीपत्ता, तुळस यांना मात्र मूठ-मूठ भरपूर होतं. गांडुळं तेवढ्यात दुप्पट-तिप्पट झालेली असतात. जूनचा पाऊस पडून हवा गार झाली, की निम्मी शेतातल्या रिकाम्या टाकीत सोडा, टाकीवर छप्पर घालून. उरलेली निम्मी माठातच राहू द्या, पुढच्या मे महिन्यानंतरचं बियाणं म्हणून.