रविवारची शाळा, परमुलखातली

मैत्रिणींनो, ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या कुठल्याही सोसायटीचे जिने चढून पाहा. एखादे तरी घर असे भेटतेच की जिथला मुलगा नाहीतर जावई अमेरिकेत आहे. मेतकूट, भाजणी, गोडा मसाला असे सगळे घालून बॅग तेवीस किलोंच्या आत कशी बसवायची, हे आता आपल्याकडे कुणाला शिकवावे लागत नाही. पण त्या बॅगेबरोबर जी सून किंवा लेक निघते, तिने तिथे दिवसभर करायचे काय, याचा विचार मात्र विमानात बसेपर्यंत कुणी करत नाही. म्हणून आज थोडे त्याविषयी लिहिते.

२०१६ साली माझ्या यजमानांना त्यांच्या कंपनीने न्यू जर्सीला पाठवले. मी बी. ए., डोंबिवलीतल्या एका शाळेत अर्धवेळ शिकवणारी. पगार फार नव्हता, पण सकाळी साडी नेसून, पर्स खांद्याला लावून घराबाहेर पडण्याचे सुख होते. 'बाई' म्हणून हाक मारणारी चाळीस पोरे होती. तिथे गेल्यावर माझ्या कागदांवर शब्द आला 'डिपेंडंट', म्हणजे अवलंबून असलेली. नोकरीसाठी गेलेल्या नवऱ्याबरोबर जाणाऱ्या बायकोला 'एच-फोर' नावाचा व्हिसा मिळतो आणि त्यावर नोकरी करता येत नाही. २६ मे २०१५ पासून यातल्या काही जणींना कामाचा परवाना मागण्याची सोय झाली, पण तीही नवऱ्याच्या ग्रीन कार्डाचे काम ठराविक टप्प्यापर्यंत गेले असेल तरच. माझ्यासारख्या नव्याने गेलेलीला तिचा उपयोग नव्हता.

घर तर आठवड्यात लागले. भांडी, गाद्या, मुलाची शाळा, सगळे. पण घर लागणे आणि आपण रुळणे यांत फार अंतर असते, बरे का! हे सकाळी जात, मुलगा पिवळ्या बसमधून जाई, आणि मग दुपारी तीनपर्यंत मी आणि खिडकी. मला गाडी चालवता येत नव्हती, आणि तिथे गाडी नाही म्हणजे पाय नाहीत. त्या दोन महिन्यांत मी घरातला फ्रीज जितक्या वेळा पुसला, तितका इथे दहा वर्षांत पुसला नसेल!

मग शेजारच्या इमारतीतल्या एका काकूंनी सांगितले, "अगं, तू शिक्षिका ना? मग आमच्या रविवारच्या शाळेत ये की. पगार नाही हं मात्र!"

आपली माणसे परदेशी गेली की मंडळ काढतात, ही जुनीच रीत. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचे. अमेरिका आणि कॅनडातल्या मंडळांना जोडणारे बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ साली निघाले. अशा गावोगावच्या मंडळांतून मराठी शाळा भरतात. जागा भाड्याची, फळा दुसऱ्याचा, आणि शिकवणारे सगळे बिनपगारी. कुणी इंजिनिअर, कुणी डॉक्टर, आणि पुष्कळशा माझ्यासारख्या 'डिपेंडंट'.

पहिल्याच रविवारी कळले की इथला पंधरा वर्षांचा अनुभव असता तरी तिथे नव्याने शिकावे लागले असते. आपल्या मुलांना मराठी येतच असते, आपण फक्त लिहा-वाचायला शिकवतो. तिथल्या मुलांना शब्दच कानाने शिकवावे लागतात. इंग्रजीत आपल्यासारखे 'त' आणि 'ट' वेगळे नाहीत. त्यामुळे 'ताट'चे 'टाट' होते आणि 'दार'चे 'डार'. 'ळ' तर नाहीच. "मी केळे खाल्ले" म्हणण्याऐवजी पोरगी म्हणते, "मी केले खाल्ले"! मग आम्ही आरशासमोर बसून जीभ कुठे लागते ते पाहायचो. 'त'ला दातांमागे, 'ट'ला वर टाळूकडे वळलेली. 'क' आणि 'ख' ओळखायला तोंडासमोर कागदाची पट्टी धरायची. 'ख' म्हटला की पट्टी हलते. मुलांना हा खेळ फार आवडे.

आणखी एक गंमत. 'चार' आणि 'चारा' यांतला 'च' एकसारखा लिहितो, पण एकसारखा म्हणत नाही. जन्मभर मराठी बोलून हे माझ्या कधी लक्षात आले नव्हते. एका सात वर्षांच्या मुलाने विचारले तेव्हा आले. तसेच टेबल 'ते', खुर्ची 'ती' आणि पंखा 'तो' का, याला उत्तर एकच: "बाळा, आपले असेच आहे. शब्द पाठ करायचा तो तो-ती-ते लावूनच."

पण मला सगळ्यात विचारात पाडले ते वेगळ्याच गोष्टीने. वर्गातले तीन-चार मुलगे "मी येते", "मी जेवले" असे बोलत. बायका हसत. त्यात हसण्यासारखे काय आहे? मुलगा घरात मराठी ऐकतो ते फक्त आईचे. वडील रात्री येतात, आजोबा फोनवर, गल्ली नाही, शेजारचा दादा नाही. आई बोलते तसे तो बोलतो. इथे आपल्या मुलांना मराठी देणारी किती माणसे असतात, भाजीवाला, रिक्षावाला, समोरचे काका, पोस्टमन! तिथे ते सगळे गाव एकट्या आईला व्हावे लागते. म्हणून आम्ही महिन्यातून एका रविवारी कुणा तरी बाबांना वर्गात बोलावू लागलो. त्यांनी गोष्ट सांगायची, मुलांशी गप्पा मारायच्या. मुलगे दोन-तीन महिन्यांत "मी येतो" म्हणू लागले, आणि बाबालोकही शाळेला आपली म्हणू लागले, हा फायदा वेगळाच.

तुमच्यापैकी कुणी जाणार असेल, किंवा लेक-सून जाणार असेल, तर या गोष्टी ध्यानात असू द्या.

सामानात एक अंकलिपी आणि बाराखडीचा तक्ता ठेवा. बालभारतीची पुस्तके संगणकावर फुकट उतरवून घेता येतात, त्यांचे ओझे नेऊ नका. त्या जागी चित्रांची गोष्टीची पुस्तके घ्या. आपल्याकडे कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ पासून आणि ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आहे, म्हणून पुस्तकांची किंमत आपल्याला कळत नाही. तिथे तुमची बॅग हेच वाचनालय!

मानधन, बक्षिसी, पाकीट, काही घेऊ नका. 'एच-फोर'वर विनामोबदला सेवा वेगळी आणि कमाई वेगळी. नियम बदलत असतात, तेव्हा जाण्यापूर्वी जाणकाराला विचारून घ्या.

मुलांना खाऊ नेताना पालकांना आधी विचारा. शेंगदाण्याची चिक्की, कुटाचा लाडू मुळीच नको. तिथे पुष्कळ मुलांना शेंगदाणा बाधतो, कधी जिवावरही बेततो. संक्रांतीला आम्ही तिळगूळसुद्धा बिनशेंगदाण्याचा करत असू.

कान पिळणे, पाठीत धपाटा, गालगुच्चा, सगळे बंद. एका मुलाबरोबर वर्गाचे दार लावून बसू नका. फोटो काढायचा तर पालकांची परवानगी हवी. मुलांबरोबर काम करणाऱ्यांची चौकशी तिथे बऱ्याच ठिकाणी होते, त्याचा राग मानू नका.

आणि गाडी चालवायला लवकर शिका. तोवर ज्या बाईच्या गाडीतून जाता तिच्या घरी अधूनमधून पोळ्या करून द्या. तिलाही बरे वाटते, तुमचाही संकोच जातो.

सासूबाई फोनवर म्हणाल्या होत्या, "पगार नाही, मग रविवारची झोप का मोडायची? घरात का कमी काम आहे?" त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही. आपल्याकडे बाईच्या कामाची किंमत आधीच कमी, त्यात फुकटचे काम म्हणजे रिकामपणाचा उद्योग असेच धरतात. मी एवढेच म्हणाले, "आई, तुमचा नातू तुमच्याशी अजून मराठीत बोलतो, हाच माझा पगार." त्या काही बोलल्या नाहीत. पण पुढे दर रविवारी रात्री न चुकता विचारू लागल्या, "आज काय शिकवलंस गं?" मग हळूच दोन बडबडगीतेही सांगू लागल्या. ती मी दुसऱ्या रविवारी वर्गात घेत असे.

पगार नसला तरी काम कामासारखेच करावे, हे मात्र खरे. शनिवारी तयारी, वेळेवर हजेरी, वहीत कुणाला काय आले याची नोंद. "फुकट तर शिकवते" असे एकदा मनात आले की शिकवणे उतरणीला लागते. कागदावर मी अवलंबून होते, पण दर रविवारी सकाळी अकरा मुले माझ्यावर अवलंबून असत. बर्फामुळे शाळा रद्द झाली तर त्यांचे फोन येत. त्या दिवसापासून ते गाव मला परके वाटेनासे झाले.

२०१९ साली आम्ही परत आलो. दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर नटूनथटून लोटलेली तरुण मुले पाहताना वाटले, इथे मराठीला काय धाड भरली आहे? तिला तर ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा मान मिळाला. पण माझ्या शिकवणीला येणारी, इंग्रजी माध्यमातली डोंबिवलीचीच मुले एकोणचाळीस म्हटले की माझ्या तोंडाकडे पाहतात, आणि 'तो-ती-ते'त तशीच अडखळतात. त्यांच्यासाठी मी कागदाची पट्टी आणि आरसा पुन्हा काढला आहे.

तेव्हा मैत्रिणींनो, परदेशी जाणार असाल तर रविवारची शाळा जरूर शोधा. आणि जाणार नसाल तर आपल्याच जिन्यातली चार मुले रविवारी तासभर घरी बोलवा. पाटी आणि खाऊ यांपलीकडे फार काही लागत नाही.