अमेरिकेत आई-बाबा मुलांचे शाळेतले लॉकर सजवतात, आपल्या शाळांत लॉकरच का नसतात?

ऑगस्ट आला की इन्स्टाग्रामवर काही ठरावीक रील्स फिरायला लागतात. अमेरिकेतली एखादी शाळा, कॉरिडॉरमध्ये ओळीने लोखंडी कपाटं आणि त्यातल्या एका कपाटासमोर एक आई. ती आतून वॉलपेपर लावते, तळाला इवलासा गालिचा अंथरते, दाराला आरसा चिकटवते आणि वर चक्क छोटंसं झुंबर लटकवते. ज्या मुलीचा तो लॉकर, ती बाजूला उभी राहून बघत असते.

हेच रील इचलकरंजीत बसून बघणाऱ्याला पहिला प्रश्न वेगळाच पडतो. शाळेत लॉकर? आपल्याकडे लॉकर असतो बँकेत, आणि त्यात असतं सोनं. मग तिकडे पोरांना लॉकर लागतो कशाला?

तिकडे लॉकर कशासाठी?

उत्तर वेळापत्रकात आहे. आपल्याकडे तास संपला की सर-मॅडम बदलतात, मुलं त्याच बाकावर बसून राहतात. अमेरिकेत साधारण सहावीपासून उलटं असतं. शिक्षक आपल्या खोलीत थांबतात आणि मुलं दर तासाला वर्ग बदलतात. म्हणजे मुलाला स्वतःचा बाक नाही, स्वतःचा वर्ग नाही. जाड पुस्तकं, थंडीतला कोट, डबा हे सगळं ठेवायला एक जागा लागते. ती जागा म्हणजे लॉकर.

अकरा-बारा वर्षांच्या मुलासाठी ही मोठी गोष्ट असते. नवी शाळा, नवी मुलं, नंबर फिरवून उघडायचं कुलूप. त्यामुळे शाळा सुरू होण्याआधी बऱ्याच ठिकाणी मुलांना लॉकर बघायला बोलावतात. सोबत आई-बाबा येतात, आणि सजावट इथेच सुरू होते.

पूर्वी मुलंच दाराच्या आतून फोटो, पोस्टर लावायची. पुढे त्याचा बाजार झाला. २०१० च्या सुमारास टेक्सासमधल्या दोन आयांनी लॉकर सजवायच्या वस्तू विकणारी कंपनीच काढली. दार लोखंडाचं असल्यामुळे यातल्या बऱ्याच वस्तू चुंबकाने चिकटतात. गोंद नको, खिळा नको.

गंमत म्हणजे तिकडच्या अनेक शाळांनी आता लॉकर काढून टाकलेत किंवा मुलं ते वापरतच नाहीत. पुस्तकं लॅपटॉपवर आली आणि दोन तासांच्या मधल्या चार-पाच मिनिटांत लॉकर गाठायला वेळ मिळत नाही. म्हणजे झुंबर लॉकरमध्ये आणि दप्तर पाठीवर.

आपल्याकडे का नाही?

मुलं वर्ग बदलत नाहीत, त्यामुळे गरज नाही असं वाटू शकतं. पण मग पुस्तकं वर्गातच का राहत नाहीत?

पहिलं कारण, वर्ग एकट्याचा नसतो. बऱ्याच शाळा दोन अधिवेशनांत भरतात. सकाळी ज्या बाकावर एक मूल बसतं, दुपारी त्याच बाकावर दुसरं. बाकाच्या कप्प्यात वही ठेवली तर उद्या ती सापडेलच याची खात्री नाही. दुसरं कारण गृहपाठ. तिसरं, पुस्तकाचा एकच संच. तो घरीही लागतो आणि शाळेतही.

परिणाम रोज सकाळी दिसतो. सगळं दप्तरात भरायचं आणि निघायचं.

ओझ्याचं गणित

महाराष्ट्र सरकारने जुलै २०१५ मध्ये शासन निर्णय काढला. त्यानुसार दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नको. केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणातही हीच मर्यादा आहे. त्यात सहावी-सातवीसाठी २ ते ३ किलो वजन सांगितलंय, आणि शाळेत लॉकरची सोय असावी असंही म्हटलंय.

आता हिशोब करा. मूल ३० किलोचं असेल तर मर्यादा ३ किलो. रिकामं दप्तरच अर्धा-पाऊण किलोचं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. डबा वेगळा. सगळी पुस्तकं आणि वह्या मिळून उरतो जेमतेम किलोभर.

२०२३-२४ मध्ये बालभारतीने एक उपाय करून बघितला. पुस्तकाचे चार भाग केले आणि धड्यांसोबत कोरी पानं दिली, म्हणजे वेगळी वही नको. पण मुलं वह्या आणतच राहिली. शेवटी २०२५ मध्ये सरकारने ती पानं बंद केली. सामान ठेवायला जागा नसेल तर ते फिरून दप्तरातच येतं.

आपली सजावट जूनमध्ये असते

पालकांची हौस आपल्याकडेही कमी नाही. जूनमध्ये शाळा सुरू होण्याच्या आदल्या रात्री घराघरात काय चालतं आठवा. खाकी कव्हर, स्टेपलर, नावाचं लेबल, त्यावर कार्टून. भाव तोच, माझ्या लेकराचं नीटनेटकं दिसावं.

पण इचलकरंजीसारख्या गावात यातली दुसरी बाजूही लगेच दिसते. यंत्रमागावरची पाळी अनेकदा बारा तासांची. बाप रात्रपाळीला आणि आई कांड्या भरून दमलेली, तर कव्हर घालायचं कुणी? मूल स्वतःच वाकडंतिकडं घालतं. वर्गात मग सुबक कव्हरला "छान" मिळतं आणि वाकड्याला "हे काय?". खरं तर काम मुलाने केलेलं असतं ते दुसऱ्या वहीवर. प्रकल्पांचंही तेच. आईने केलेल्या थर्माकोलच्या किल्ल्याला पहिला नंबर मिळतो. अमेरिकेतल्या झुंबरावरही हाच आक्षेप घेतला जातो. ज्या घरात पैसा आणि वेळ आहे, त्यांचा लॉकर उठून दिसतो.

मग करायचं काय?

प्रत्येक मुलाला लोखंडी लॉकर देणं साध्या अनुदानित शाळेला परवडणार नाही. पण वर्गात दोन कुलुपांचं एक कपाट, एक सकाळच्या वर्गासाठी आणि एक दुपारच्या, हे जमू शकतं. निदान चित्रकलेचं साहित्य, प्रयोगवही आणि ज्या विषयाचा गृहपाठ नाही त्याची वही तिथे राहील. शाळेत प्यायचं पाणी चांगलं असेल तर बाटलीचा किलोभर भारही घटतो.

हे मागायची जागाही आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिचे किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. पुढच्या बैठकीत कपाटाचा आणि वजनकाट्याचा विषय तुम्हीच काढू शकता.

आणि कपाट आलंच, तर त्यातला आपला कप्पा मुलालाच सजवू द्या. सुताच्या कोनांच्या खोक्याचा पुठ्ठा, जुनी लेबलं, त्याने काढलेलं चित्र, काहीही चालेल. वाकडं दिसलं तरी हात लावू नका. शाळेत त्याची स्वतःची म्हणावी अशी तेवढीच जागा असणार आहे.

तोवर एक काम आज रात्री करा. घरातल्या वजनकाट्यावर आधी मुलाला उभं करा, मग त्याचं दप्तर ठेवा. तुमच्याकडे आकडा किती येतोय?