३७ वर्षांच्या वनवासातून परतलेली सावल्यांची फौज

काही चित्रपटांच्या नशिबी वनवास येतो. चित्रपट वाईट असतो म्हणून नव्हे, तर तो भलत्या वेळी आलेला असतो म्हणून. फ्रेंच दिग्दर्शक झां-पिएर मेलव्हिल यांचा 'आर्मी ऑफ शॅडोज', म्हणजे 'सावल्यांची फौज', हा त्यांतलाच एक. फ्रान्समध्ये तो १९६९ च्या सप्टेंबरात लागला आणि अमेरिकेच्या चित्रपटगृहांत पोहोचला थेट २००६ साली. न्यूयॉर्कच्या समीक्षकांनी त्याला त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट परदेशी चित्रपट ठरवले. ३७ वर्षांपूर्वीचा चित्रपट आणि पुरस्कार ताज्या वर्षाचा! २००७ मध्ये 'क्रायटेरियन' कंपनीने त्याची डीव्हीडी काढली, २०११ मध्ये ब्ल्यू-रे आली आणि ही फौज घराघरांत शिरली. माझीही तिच्याशी गाठ पडली ती तबकडीवरच.

कथा आहे जर्मनव्याप्त फ्रान्समधल्या भूमिगत चळवळीची. ती मूळची जोसेफ केसेल यांच्या १९४३ सालच्या कादंबरीतली. दिग्दर्शकालाही विषय ऐकीव नव्हता. त्यांचे खरे आडनाव ग्रुमबाख. 'मोबी डिक'चा लेखक हर्मन मेलव्हिल आवडता, म्हणून भूमिगत असताना त्याचे नाव घेतले आणि युद्धानंतरही तेच ठेवले. कादंबरी त्यांनी युद्धकाळातच वाचली होती. ती पडद्यावर यायला मात्र पाव शतक लागले.

आणि नेमके तिथेच घात झाला. १९६८ च्या मे महिन्यात पॅरिसचे विद्यार्थी रस्त्यावर उतरले. द गॉल हे युद्धकाळातले नायक आता तरुणांना जुनाट सत्तेचे प्रतीक वाटत होते. १९६९ च्या एप्रिलमध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि पाचच महिन्यांत हा चित्रपट आला. त्यात लंडनमध्ये द गॉल एका भूमिगत नेत्याला पदक देतात, असा काही क्षणांचा प्रसंग आहे. 'काहिए द्यु सिनेमा' या वजनदार मासिकाच्या समीक्षकांना तेवढे पुरले. हा द गॉलचा गौरव आहे, असा शिक्का बसला आणि चित्रपट मागे पडला.

२००४ मध्ये त्याच्या प्रतीची दुरुस्ती झाली. ती छायाचित्रकार पिएर लोम यांच्याच देखरेखीखाली. मेलव्हिल १९७३ सालीच गेले होते. त्यांच्या मनातला तो थंड, निळसर-करडा रंग कसा होता, हे लोम यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? पावसाळी पहाट, रिकामे रस्ते, ओव्हरकोटातली माणसे. गुन्हेगारी चित्रपटांत मुरलेल्या मेलव्हिल यांनी देशभक्तांनाही तोच काळोख दिला आहे. ही माणसेही लपतात, खोटी नावे घेतात, पाठीमागे वळून पाहतात.

इथे पूल उडत नाहीत, आगगाड्या पडत नाहीत. लिनो व्हेंचुरा यांनी रंगवलेला फिलिप जेर्बिए हा व्यवसायाने इंजिनिअर. जर्मनांच्या तावडीतून पळून तो रात्री एका न्हाव्याच्या दुकानात घुसतो आणि दाढी करायला सांगतो. भिंतीवर मार्शल पेताँ यांचे पोस्टर, म्हणजे हा जर्मनांशी जुळवून घेतलेल्या सरकारचा माणूस तर नव्हे? वस्तरा गळ्यावरून फिरतो आहे आणि दोघेही गप्प. दाढी झाल्यावर न्हावी आत जातो आणि ओळख पटू नये म्हणून त्याला दुसरा कोट आणून देतो. बस्स, एवढेच. पण आपला श्वास अडकलेला असतो.

फितूर झालेल्या एका कोवळ्या पोराला संपवायचा प्रसंग तर पाहवत नाही. शेजारच्या घरात माणसे आहेत, पिस्तूल झाडता येत नाही. ज्यांना हे काम करायचे आहे त्यांनी असे पूर्वी कधीच केलेले नाही. मेलव्हिल नजर वळवू देत नाहीत. तबकडी थांबवायचे बटण माझ्या हाताशी होते. मी ते दाबले नाही. हे एकदा तरी सलग पाहायलाच हवे, असे वाटले. मात्र घरात लहान मुले असतील तर हा चित्रपट त्यांच्यासोबत पाहू नये, हे आधीच सांगतो.

खरा पेच आहे तो सिमोन सिन्योरे यांनी रंगवलेल्या मातिल्दचा. संघटनेतली सर्वांत हुशार, सर्वांत धीट बाई. सहकाऱ्याच्या सुटकेसाठी ती जर्मन परिचारिकेच्या वेषात तुरुंगात शिरते. तिची चूक एकच. मुलीचा फोटो ती पर्समध्ये बाळगते. जेर्बिए तिला बजावतो, पण कोणत्या आईला तो फेकवेल? एके दिवशी ती पकडली जाते आणि फोटो शत्रूच्या हाती पडतो. नावे सांग, नाही तर मुलीचे हाल. मग मातिल्द अचानक सुटते आणि दोन साथीदार पकडले जातात. आता तिचे काय करायचे? तिनेच ज्यांचे जीव वाचवले, त्यांनी हे ठरवायचे आहे. त्यांचा निर्णय इथे सांगत नाही. आमच्या घरात मात्र त्यावरून दोन तट पडले आणि रात्रीचे जेवण थंड झाले. संघटना वाचली पाहिजे, असे एक बाजू म्हणत होती. आईकडून आणखी काय अपेक्षा करता, असे दुसरी. मी कोणत्या बाजूला होतो, हे मला अजूनही धड सांगता येणार नाही.

द गॉल यांचा गौरव म्हणून ज्याला हिणवले, त्या चित्रपटात गौरव शोधूनही सापडत नाही. आहे ती एकाकी माणसे आणि त्यांनी मोजलेली किंमत. १९६९ च्या गदारोळात ते दिसले नसेल. आज ना ते आंदोलन आहे, ना ते भांडण. सुमारे अडीच तासांचा हा चित्रपट दिवे मालवून, शांतपणे पाहावा. मुलीचा तो छोटासा फोटो मग बरेच दिवस डोळ्यांपुढून हलत नाही.