त्वचापेशींना जोडणारे प्रथिन

पेम्फिगस या दारुण व्याधीत शरीराचीच प्रतिपिंडे त्वचापेशीच्या पृष्ठभागावरील ज्या प्रथिनावर चालून जातात, त्याची ओळख पटविण्याकरिता मासायुकी अमागाई, जॉन स्टॅन्ली व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत पत्करलेला मार्ग मला अपूर्व वाटतो. कारण रोग्यांच्या रक्तातील तीच घातक प्रतिपिंडे त्यांनी शोधाच्या कामी तैनात केली, आणि त्वचापेशींच्या जनुकप्रतींपासून जीवाणूंत घडविलेल्या असंख्य प्रथिनांपैकी ज्याला ती बिलगली, त्याच्या रचनेचा अनुक्रम १९९१ साली जाहीर केला. सुमारे १३० किलोडाल्टन वजनाचे हे प्रथिन, ज्यास आज डेस्मोग्लीन-३ म्हणतात, कॅडहेरिन कुळातले, अर्थात कॅल्शियमच्या साहाय्याने शेजारच्या पेशीस धरून ठेवणाऱ्या रेणूंपैकी निघाले. ही पकड प्रतिपिंडांमुळे सुटली की पेशी विलग होतात, मधल्या पोकळीत द्रव साचतो आणि फोड उठतो.